सीटी अँजिओला येताना नाडी आणि श्वास सांभाळा

गेली १७ वर्षं मी सांगलीत सीटी स्कॅनच्या कन्सोलवर बसते. हृदयाच्या सीटीला येणाऱ्याला वाटतं, सगळं मशीन करणार, आपण नुसतं पडून राहायचं. तसं नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्या जेमतेम २ ते ४ मिलिमीटर रुंद, आणि प्रत्येक ठोक्याला हलतात. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय जरा विसावतं, तेवढ्यात फोटो पकडायचा असतो. नाडी ६० असली की विसावा भरपूर मिळतो. ८५ झाली की तो फार तोकडा पडतो.

आधी कुठली तपासणी हवी, ते डॉक्टरांना विचारा. त्रास काही नाही, पण मधुमेह आहे किंवा वडिलांना पन्नाशीच्या आत अटॅक आला होता, अशांना बऱ्याचदा कॅल्शियम स्कोअर सांगतात, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणारा साधा सीटी. त्यात सुई नाही, डाय (रक्तवाहिन्या फोटोत उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) नाही, काही सेकंदांचं काम. शून्य आला तर उत्तम, ४०० च्या वर गेला तर धोका मोठा. मात्र त्यात रक्तवाहिनीच्या भिंतीतला फक्त कडक झालेला थर मोजला जातो. मऊ, चरबीचा थर सुटतो, म्हणून तरुण माणसाने शून्यावर फार विसंबू नये. जिना चढताना छाती भरून येत असेल तर डाय देऊन करायची सीटी अँजिओ लागते. तिच्यात मऊ थरही दिसतो. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ जणांवर अभ्यास झाला. ज्यांना नेहमीच्या तपासण्यांसोबत सीटी अँजिओ केली, त्यांच्यात ५ वर्षांत अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू २.३ टक्के, बाकीच्यांत ३.९ टक्के. थर दिसल्यामुळे जास्त लोकांना औषधं सुरू झाली होती.

पण आत्ता छातीत कळ येतेय, घाम फुटलाय, तर स्कॅन सेंटरला येऊ नका. थेट इमर्जन्सी गाठा.

तयारीत लोक चुकतात ते चहाला. चहा-कॉफी १२ तास आधी बंद. मिरजेहून एक काका आले होते. उपाशी होते, क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्टही आणलेला, पण टपरीवर अर्धा कप घेतलाच, 'तेवढ्यानं काय होतंय' म्हणून. नाडी ८८! गोळी देऊन दीड तास बसवलं, तेव्हा ६४ वर आली. रोजच्या गोळ्या मनाने बंद करू नका. मधुमेहाच्या गोळ्यांचं मात्र आधी विचारून घ्या.

नाडी उतरवायची गोळी देण्याआधी दमा असेल तर सांगा. पूर्वी डायची ॲलर्जी आली असेल तर तेही. रक्तवाहिन्या रुंदावायला जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. गेल्या दोन दिवसांत ताकदीची गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल वगैरे, घेतली असेल तर बीपी धोकादायक खाली येऊ शकतं. पुरुष हे सांगायला लाजतात, म्हणून मी घरचे बाहेर गेल्यावर विचारते. कृपा करून खरं सांगा.

श्वासाचा सराव घरी करा. उताणे पडा, हात डोक्यामागे न्या, मध्यम श्वास घ्या आणि १२ आकडे मोजेपर्यंत थांबा. छाती गच्च भरू नका, गाल फुगवून कुंथू नका. कुंथलं की ठोके बदलतात. दर वेळी श्वास तेवढाच हवा, कारण पहिल्या श्वासावर आम्ही जागा ठरवतो आणि पुढच्या श्वासावर फोटो काढतो.

डाय गेला की घशापासून ओटीपोटापर्यंत गरम लाट येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते. नेमक्या त्याच वेळी फोटो चालू असतो आणि नेमके त्याच वेळी लोक दचकून श्वास सोडतात. तेवढे सेकंद थांबा.

नंतर अर्धा तास बसून राहा, चक्कर येत नाही ना बघा, आणि किडनीच्या किंवा हृदयाच्या डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर दिवसभर पाणी प्या. रिपोर्टसोबत सीडीही मागून घ्या. चार-पाच वर्षांनी पुन्हा स्कॅन झाला, तर थर वाढला का हे जुने फोटो शेजारी ठेवूनच कळतं.