कुबसीटीएल अप्लाय: गावातल्या नेटवरून क्लस्टरवर डिप्लॉय

कुबसीटीएल ही कुबरनेटिसची कमांड; कुबरनेटिस म्हणजे एका किंवा अनेक मशीनच्या गटावर (क्लस्टरवर) ॲप चालवणारी प्रणाली. दारव्हा किंवा आर्णीत हॉटस्पॉटवर बसून डिप्लॉय करताना (ॲप क्लस्टरवर चढवताना) लॅपटॉपवरून जाते ती फक्त यॅमल फाइल, म्हणजे काय चालवायचं त्याचं वर्णन, काही केबींची. कंटेनरची इमेज (ॲपचं तयार पॅकेज) नोड, म्हणजे क्लस्टरमधलं मशीन, रजिस्ट्रीतून (इमेजच्या नेटवरच्या साठ्यातून) ओढतो. नोड मुंबईच्या डेटा सेंटरात असेल तर दोन काड्यांचं नेटही पुरतं. पण जिनिंगच्या ऑफिसातल्या छोट्या पीसीवर के-थ्री-एस (कुबरनेटिसची हलकी आवृत्ती) टाकलं असेल, तर चारशे एमबीची इमेज त्याच ऑफिसच्या नेटवरून उतरणार.

पहिली कमांड कायम 'कुबसीटीएल कॉन्फिग करंट-कॉन्टेक्स्ट'; आपण कोणत्या क्लस्टरला जोडलेलो आहोत ते ती दाखवते. टेस्टिंगचा समजून खऱ्या वापरातल्या क्लस्टरवर हात पडतो, ते इथे टळतं. मग 'कुबसीटीएल डिफ -एफ' देऊन काय बदलणार ते वाचा, त्यानंतरच 'कुबसीटीएल अप्लाय -एफ'. अख्खं फोल्डर दिलं तर फाइली नावाच्या क्रमाने जातात. नेमस्पेसच्या (क्लस्टरमधल्या नाव दिलेल्या कप्प्याच्या) फाइलीचं नाव ०० ने सुरू करा, नाहीतर तिच्या आधीच्या फाइली नेमस्पेस सापडत नाही म्हणून अडतात.

'कॉन्फिगर्ड' असं उत्तर आलं म्हणजे ॲप चालू झालं असं नाही. एपीआय सर्व्हरने, म्हणजे क्लस्टरकडच्या मागण्या घेणाऱ्या भागाने, मागणी नोंदवली, एवढंच. पुढे शेड्युलर नोड निवडतो आणि तिथला क्युबलेट (नोडवरचा एजंट) इमेज आणून पॉड (कंटेनर चालवणारं एकक) उभा करतो. म्हणून 'कुबसीटीएल रोलआउट स्टेटस' लावा. मध्येच लाईन गेली, लॅपटॉप बंद पडला तरी हरकत नाही; ही कमांड नुसती बघत असते. मात्र ६०० सेकंदांत प्रगती दिसली नाही की ती डिप्लॉयमेंट फसल्याचं सांगते. मंद नेटवर इमेज अजून उतरतच असते आणि पॉड नंतर उठतोही. अशा ठिकाणी यॅमलमध्ये प्रोग्रेस-डेडलाइन-सेकंद्स १८०० ठेवा.

'इमेज-पुल-बॅकऑफ' (इमेज ओढता येत नाही) दिसलं तर 'कुबसीटीएल डिस्क्राइब पॉड'च्या तळाचे इव्हेंट्स वाचा: टॅग (इमेजच्या आवृत्तीचं नाव) चुकलेला, रजिस्ट्रीचं लॉगिन नाही, किंवा नेट तुटलं. 'लेटेस्ट' टॅग तर टाळाच. त्यावर पुल पॉलिसी आपोआप 'ऑलवेज' होते, म्हणजे पॉड उठताना दर वेळी रजिस्ट्रीला विचारलं जातं. लाईन आली पण नेट आलं नाही, की डिस्कवर इमेज असूनही पॉड उठत नाही. १.४.२ सारखा ठरलेला टॅग द्या. नेट फारच रडत असेल तर इमेजची टार फाइल पेन ड्राइव्हवर न्या आणि 'के-थ्री-एस सीटीआर इमेजेस इम्पोर्ट' करा. नोड दोन असतील तर दोन्हींवर.

कॉन्फिगमॅप (ॲपच्या सेटिंग्ज ठेवणारा रिसोर्स) बदलून अप्लाय केलं तरी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये जुनीच किंमत राहते. 'कुबसीटीएल रोलआउट रिस्टार्ट' द्यावं लागतं. फोल्डरमधून फाइल काढली म्हणून क्लस्टरवरचा रिसोर्सही जात नाही. तो 'कुबसीटीएल डिलीट'ने वेगळा काढा.