गॅस्टेरिया आणि कोरफडीचा संकर: फुलं उमलण्याआधीची तयारी

सर्वांत आधी आई (जिच्यावर बी धरायचं ते रोप) आणि बाप (ज्याचे पराग घ्यायचे ते) ठरवा. ती खरोखर दोन वेगळी रोपं आहेत ना, हेही तपासा. एकाच गॅस्टेरियाची (कोरफडीच्या नात्यातलं जाड पानांचं रोप) पिल्लं दहा कुंड्यांत वाढवली तरी ते रोप एकच. ही झाडं सहसा स्वतःचे पराग स्वीकारत नाहीत, त्यामुळे पिल्लापिल्लांत पराग फिरवून बी धरत नाही. घरोघरची औषधी कोरफडही बी फारच कमी धरते. पहिल्या प्रयत्नासाठी जोडीला ठिपक्यापट्ट्यांची व्हेरिएगाटा कोरफड घ्या. गॅस्टेरिया ‘लिटल वॉर्टी’शी तिचा संकर होऊन ‘ग्रीन आइस’ जन्मली, म्हणजे ही वाट आधीच चाललेली आहे. दोन्हींकडे गुणसूत्रं चौदाच, आठ लांब आणि सहा आखूड, म्हणून वेगळ्या प्रजाती असूनही त्यांचं जमतं. पुढची पिढी मात्र बहुधा वांझ निघते. पुढेही बी धरत राहायची इच्छा असेल तर दोन गॅस्टेरिया जातींचाच संकर करा.

दोघांची फुलं एकाच आठवड्यात येतील या भरवशावर राहू नका. बापाचे पराग साठवायला औषधाच्या रिकाम्या कॅप्सूल, घट्ट झाकणाची डबी आणि सिलिका जेलच्या पुड्या आणून ठेवा. डबी फ्रीजमध्ये ठेवायची. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर आत दव धरतं आणि पराग वाया जातात.

बारीक चिमटा, चित्रकलेचा सर्वांत बारीक ब्रश आणि एक भिंग हाताशी असू द्या. भिंग हवंच. गॅस्टेरियाचं फूल खाली फुगीर, वर निमुळतं, टोकाला हिरवं. ते नखाने उभं चिरलं की आत सहा पुंकेसर दिसतात. आईच्या फुलातले पुंकेसर परागकोश फुटण्याआधीच चिमट्याने काढून टाका. कुक्षी, म्हणजे पराग स्वीकारणारा मादी भाग, तेव्हा कोरडी असते. एक-दोन दिवसांनी तिच्या टोकावर चिकट चकाकी येते, पराग लावायचे ते तेव्हाच. भिंगाशिवाय ती चकाकी नजरेतून सुटते.

आईची कुंडी उघड्या गच्चीवर ठेवू नका. या फुलांवर शिंजीर आणि मधमाश्या हमखास येतात, आणि मग बाप कोण ते सांगता येत नाही. फुलांच्या दांड्यावर चढवायला ऑर्गंझाच्या पिशव्या शिवून ठेवा. बोंड पिकून तडकलं की पातळ, चपटं बी वाऱ्यावर जातं, तेव्हाही त्याच पिशव्या कामी येतात.

लेबलं भरपूर कापून ठेवा आणि त्यांवर पेन्सिलने लिहा; मार्करची शाई आपल्या उन्हात उडते. आधी आईचं नाव, मग गुणिले चिन्ह, मग बापाचं, शेवटी तारीख. नाव नसलेला संकर कितीही देखणा असला तरी पुढच्या कामाला निरुपयोगी. शिवाय तो मूळ जात म्हणून दुसऱ्याच्या संग्रहात शिरतो, त्याचं मला फार वाईट वाटतं.

पेरणीसाठी बारीक चाळलेलं पर्लाइट, थोडं कोकोपीट आणि झाकणाचे पारदर्शक डबे लागतील. मिश्रण आधी वाफवून घ्या, नाहीतर कोवळ्या रोपांना बुरशी लागते. उगवलेली रोपं लगेच निवडून टाकू नका. गॅस्टेरियाची पानं लहानपणी दोन ओळींतच येतात, अनेक जातींत पानांचा गोल घेर नंतर धरतो. तोवर प्रत्येक रोपाला पुरेल इतकी जागा आणि कुंड्या आहेत का, तेही आत्ताच मोजून घ्या.