टेकडीवाल्यांसाठी कोपनहेगन

कोपनहेगनला निघालेल्या प्रत्येक पुणेकराला मी आधी एकच सांगते: तिथे टेकडी नाही. अख्ख्या डेन्मार्कमधली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा समुद्रसपाटीपासून १७१ मीटर. आपलं पुणं मुळात वसलंयच साडेपाचशेच्या वर. त्यामुळे रोज सकाळी हनुमान टेकडी चढणाऱ्याची तिथे पंचाईत होते. चालणं भरपूर होतं, पण दम म्हणून लागत नाही. लेक तिथे असते, म्हणून माझं जाणं होतं, आणि माझा नियम ठरलेला आहे. दिवसाला शहराचा एकच भाग, तिथवर सायकलने, आत पायी, आणि एक तरी चढ.

सायकलींच्या पुण्यात ज्यांचं शाळा-कॉलेज झालं, त्यांना पॅडल मारायला शिकवायला नको. शिस्त मात्र शिकावी लागते. वाहतूक उजव्या बाजूने. सायकल ट्रॅकवर उजवी कड धरायची, मागून येणारा डावीकडून पुढे जातो. थांबायचं तर आधी हात वर. डावीकडे वळायचं तर चौक सरळ ओलांडायचा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबायचं आणि सिग्नल मिळाला की मग वळायचं. मधूनच कट मारणं आपल्या हाडीमाशी भिनलंय. तिथे त्याला दंड आहे. फुटपाथवर सायकल हातात धरून चाला. आणि पहिल्याच दिवशी, ऑफिसच्या वेळेला, नोरेब्रो या वस्तीकडे जाणाऱ्या ड्रॉनिंग लुईसेस पुलावर फोटो काढायला थांबू नका. कोणी ओरडणार नाही, नुसती घंटी वाजवतील, पण ती पुरते. पाय बोलायला लागले तर एस-ट्रेनमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, सायकल फुकट नेता येते.

नोरेब्रोत आसिस्टेन्स नावाची जुनी दफनभूमी आहे. परीकथावाला हान्स ख्रिश्चन अँडरसन आणि भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर दोघेही तिथेच विसावलेत, आणि माणसं त्याच झाडांखालून खुशाल पळत असतात. (घरी सांगू नका, दफनभूमीत फिरायला गेलो म्हणून.) तिथून सुपरकिलेनला जा. शहरातून जाणारी ही लांबट मोकळी जागा २०१२ मध्ये झाली. तिथे साठेक देशांमधल्या वस्तू मांडल्यात. बगदादच्या झोपाळ्यावर मी हक्काने बसते. तरुणांसाठी थाई बॉक्सिंगचं रिंगण आहे.

आता चढ. ख्रिश्चनशावन भागातल्या वोर फ्रेल्सर्स चर्चच्या मनोऱ्याला ४०० पायऱ्या आहेत आणि शेवटच्या १५० बाहेरून, कळसाभोवती वेटोळं घेत वर जातात. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर मिरवणाऱ्यांनी जरूर जावं. उंचीची भीती असेल तर नको. वर जिना निमुळता होत जातो. थंडीत काही काळ मनोरा बंद असतो, तेव्हा आधी चौकशी करा. गुडघे कुरकुरत असतील तर मध्यवर्ती भागातला रुंडेटॉर्न बरा. १६४२ च्या या गोल मनोऱ्यात पायऱ्यांऐवजी २०९ मीटर लांबीचा वळणावळणाचा उतार आहे. रशियाचा पीटर द ग्रेट म्हणे घोड्यावरूनच वर गेला होता. आपण पायी जायचं.

पण खरी टेकडीची तहान भागते ती अमागर बेटावर. तिथे कचरा जाळून वीज आणि घरं तापवायला उष्णता तयार करणारा कारखाना आहे, अमागर बाके. त्याचं छप्पर उतरतं बांधून त्यावर स्कीची घसरगुंडी केली आहे, आणि कडेने झाडाझुडपांतून वर जाणारी पायवाट. उंची ८५ मीटर. कचऱ्याच्या कारखान्यावर मुद्दाम फिरायला जायचं, हे पुण्यात कोणाला पटवून दाखवा! पण खाली वास नाही, वर समुद्र दिसतो, आणि तिसऱ्या वळणाला श्वास अगदी वेताळ टेकडीसारखा फुलतो. उघडं असण्याच्या वेळा बघून जा आणि उतरताना घाई करू नका, मांड्यांना खरा व्यायाम तिथेच होतो.

ज्या दिवशी कुठेच जायचं नाही, त्या दिवशी शहरातल्या तळ्यांना एक फेरी मारा. सहा किलोमीटरच्या थोडं वर, पूर्ण सपाट. उलटा वारा असला की चढाची गरजच उरत नाही. म्हणून जूनमध्येसुद्धा विंडचीटर पिशवीत हवा. डिसेंबरात दुपारी साडेतीन-पावणेचारलाच अंधारतं, तेव्हा सायकलचे दिवे तपासून निघा. बाहेर खाणं महाग, नळाचं पाणी उत्तम. तेव्हा बाटली भरून घ्या आणि डब्यात दशम्या ठेवा.