साठच्या दशकातल्या बूस्ट ग्लायडरची प्रतिकृती कशी बांधावी

बूस्ट ग्लायडर रॉकेटसारखा सरळ वर जातो आणि घारीसारखा तरंगत खाली येतो. जुन्या मॉडेल रॉकेटांमध्ये मला याच्याइतके दुसरे काही आवडत नाही. अमेरिकेत साठच्या दशकाच्या सुरुवातीला एस्टीज कंपनीचा स्पेस प्लेन निघाला, त्यात बारुदाची छोटी मोटर मागे असायची. वर पोचल्यावर मोटर मागून बाहेर फेकली जाई आणि ताणलेल्या रबराने मागच्या झडपा वर उचलल्या जात. 1963 मध्ये लॅरी रेंजर यांनी स्काय स्लॅशमध्ये मोटर नाकाशी आणली. तिच्या वजनाने चढताना तोल आपोआप पुढे राहू लागला. मग त्याच वाटेने मोटरची नळीच सुटून वेगळी पडणारा 'पॉप-पॉड' आला. आपण याच घराण्यातला ग्लायडर बांधू.

आधी एक सांगतो. मोटर घरी बनवायची नाही, कधीच नाही. अमेरिकेत ती दुकानात तयार मिळते. भारतात बिनपरवाना बारूद हाताळणे गुन्हा आहे, म्हणून तिथल्या वाचकांनी पॉड सोडून फक्त ग्लायडर बांधावा आणि हाताने किंवा रबराच्या गलोलीने उडवावा. खरी कारागिरी तशीही ग्लायडरमध्येच आहे.

आराखड्याचे माप

जुन्या आराखड्याची छापील प्रत क्वचितच मूळ मापाची असते. एक सोपी खूण आहे. 18 मिमी मोटरची बीटी-20 नळी बाहेरून 18.7 मिमी असते. छापलेल्या चित्रात ती 17.9 भरली, तर प्रत 104.5 टक्क्यांवर काढा. मात्र एवढ्या लहान मापात अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे जवळजवळ पावणेतीन टक्के, म्हणून पंखाची लिहिलेली लांबी मोजून पुन्हा खात्री करा. आराखडा हाताशी नसेल, तर या प्रकाराला शोभणारी मापे अशी: पंखविस्तार 45 सेमी, मुळाशी रुंदी 9 सेमी, दांडा 45 सेमी, शेपटीचा आडवा पंख 15 सेमी. मुख्य पंखाला 3 मिमी बाल्सा घ्या, शेपटीला 1.5 मिमी, आणि दांड्याला कडक बाल्सा किंवा स्प्रूस.

लाकूड निवडणे

इथे घाई करू नका. बाल्साचे तुकडे हातात घेऊन वाकवून पाहा, एकाच जाडीचे दोन तुकडे वजनात दुप्पट फरकाचे निघतात. शेपटीसाठी हलका पण ताठ तुकडा हवा. ज्याच्यावर चकाकणारे ठिपके दिसतात तो सहसा ताठ असतो. पंख कापताना लाकडाचे रेषे पुढच्या कडेला समांतर ठेवा. आडवे रेषे ठेवलेला पंख चढतानाच मोडतो.

पंख घासणे

सपाट फळीचा पंख उडतो, पण तरंगत नाही. खालची बाजू सपाट ठेवा आणि वरच्या बाजूला रुंदीच्या एक तृतीयांशावर सर्वात जाड भाग राहील असा उतार द्या. लाकडी ठोकळ्यावर 120 नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून सुरुवात करा, मग 220, शेवटी 400. मागची कड एक मिलिमीटरहून कमी उरली पाहिजे. बोटाने चाचपडत जा. उजव्या आणि डाव्या पंखातला फरक डोळ्यांआधी बोटांना कळतो.

आता दोन्ही पंखांना V आकार द्यायचा. अर्धा पंख टेबलाच्या काठाशी मूळ बाहेर येईल असा ठेवा, टोकाखाली 4 सेमी उंचीचा ठोकळा घाला आणि ठोकळ्याचा पॉलिश पेपर उभा, काठाला लावून मूळ घासा. दुसऱ्या अर्ध्याला तसेच करा. दोन्ही मुळे जुळवली की फट राहत नाही. जोडताना त्या काळची 'दुहेरी गोंद' पद्धत वापरा: दोन्ही बाजूंना पातळ गोंद लावून सुकू द्या, मग पुन्हा लावून दाबा. पांढरा किंवा पिवळा लाकडाचा गोंद उत्तम. फेव्हिकॉलही चालतो.

दांडा, शेपूट आणि पॉड

पंख आणि शेपूट दांड्यावर समांतर बसवा, शेपटीचा उभा पंख गुण्या लावून सरळ करा. पंख आणि शेपूट यांच्यात कोन राहिला, तर मोटरच्या वेगात ग्लायडर लूप घेतो. पुढच्या भागात पॉडच्या ज्वाळेखाली दांड्यावर ॲल्युमिनियमची पातळ पट्टी चिकटवा. पॉड म्हणजे 15 सेमी बीटी-20 नळी, नाकाची टोपी, मोटर पुढे सरकू नये म्हणून आत एक कडे, आणि पॉड ग्लायडरच्या दांड्यावर बसवणारा बाल्साचा खांब. लॉंच लग, म्हणजे उड्डाणाची दांडी ओवायची छोटी नळी, खांबाच्या विरुद्ध बाजूला लावा.

खांबाखालचा हुक हा साऱ्या यंत्राचा प्राण आहे. मोटर पुढे ओढत असताना हुक घट्ट बसतो. इजेक्शनचा, म्हणजे मोटर जळून झाल्यावर तिच्यातून पुढे होणाऱ्या छोट्या स्फोटाचा, झटका लागला की टोपी पुढे उडते, नळी मागे ढकलली जाते आणि हुक सुटतो. चाचणी अशी करा: पॉड हातात धरून नाक वर ठेवा, ग्लायडर लटकला पाहिजे. नाक खाली करा, तो आपल्या वजनाने घसरून पडला पाहिजे. माझ्या पहिल्या ग्लायडरचा हुक मी रंगवला होता. रंगाच्या एका थराने तो इतका आवळला गेला की पॉड वरही सुटला नाही, आणि पॉडला हळू उतरवणारी फीत, दोरी, पंख सगळे एकत्र गरगरत आले. अमेरिकेतले लोक या अडकण्याला 'रेड बॅरन' म्हणतात. आता मी हुकाला फक्त मेण चोळतो, आणि पंखालाही रंगाऐवजी टिश्यू कागद लावतो, कारण रंगाचे वजन सोसत नाही.

तोल साधणे

पॉड काढून ठेवा. पंखाच्या रुंदीच्या साधारण मध्यावर तोल येईल इतकी क्ले नाकावर लावा. शांत संध्याकाळी, गवतावर, खांद्याच्या उंचीवरून पंधरा मीटर पुढच्या जमिनीवर नेम धरून हलकेच सोडा. फेकू नका. नाक उचलून थबकला, तर क्ले वाढवा. डुबकी मारली, तर क्ले कमी करा, किंवा शेपटीची मागची कड बोटाने अगदी एक मिलिमीटर वर वाकवा. मोठ्या घिरट्या हव्या असतील तर शेपटीचा आडवा पंख थोडा तिरका चिकटवा, उचललेल्या टोकाच्या बाजूला ग्लायडर वळतो. मी या कामाला अर्धा दिवस देतो. हाताने नीट न उतरणारा ग्लायडर मोटरने कधीच नीट उतरत नाही.

मग मोटर बसवून पुन्हा तोल बघा: आता तो पंखाच्या पुढच्या कडेजवळ किंवा तिच्याही पुढे हवा.

उड्डाण

पहिल्यांदा ए8-3 मोटर पुरे. ए म्हणजे ताकदीचा वर्ग, 8 म्हणजे सरासरी जोर न्यूटनमध्ये, 3 म्हणजे इजेक्शनआधीचे सेकंद. जुन्या आराखड्यांत जोर पौंडात लिहिलेला असतो, त्यामुळे त्यांतले आकडे आजच्या पाकिटावर सापडत नाहीत. पॉडमध्ये फीत जळू नये म्हणून न पेटणारे वॅडिंग (कागदाचा बोळा) आणि त्यावर फीत घाला. 3.2 मिमी जाडीची, 90 सेमी लांब उड्डाणाची दांडी वापरा. शेपूट मोटरच्या बरीच खाली लोंबते, म्हणून दांडीवर चिमटा लावून पॉड उंच ठेवा, नाहीतर शेपूट तळाच्या पत्र्यावर टेकते. मोटर पेटवणाऱ्या इग्निटरच्या तारा पंखात अडकणार नाहीत अशा लावा. विजेच्या स्विचनेच पेटवा, पाच मीटर दूर उभे राहा. पेटला नाही तर आधी स्विचची सुरक्षा-किल्ली काढा आणि एक मिनिट थांबूनच जवळ जा.

पॉड सुटल्याचा 'फट्' आवाज आला की नजर ग्लायडरवर ठेवा. फितीवरचा पॉड जवळच सापडतो. ग्लायडर मात्र वाऱ्याबरोबर सरकत जातो, आणि तो कुठल्या झाडाच्या रेषेत उतरला हे लक्षात ठेवणारा एक माणूस सोबत असावा.