वांगावरची मलमे निवडताना या चुका टाळा

चेहऱ्यावरच्या प्रत्येक काळ्या डागावर एकच मलम चालेल, असे धरून चालणे ही पहिली चूक. दोन्ही गालांवर, कपाळावर किंवा वरच्या ओठावर सारखा पसरलेला तपकिरी डाग बहुधा वांगाचा असतो. पण आंबे उतरवताना उडालेल्या चिकाने किंवा काजूबीच्या तेलाने भाजून राहिलेला डाग निराळा असतो आणि उन्हापासून जपल्यास तो पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप फिका होतो.

कोणते मलम लवकर उजळवते एवढेच पाहून तुलना करणे त्याहून महागात पडते. हायड्रोक्विनोन (रंग फिका करणारे औषध), ट्रेटिनॉइन (व्हिटॅमिन ए-वर्गातले औषध) आणि स्टेरॉइड (दाह कमी करणारे औषध) यांचे तिहेरी मिश्रण वांगावर उपयोगी आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि मोजके आठवडेच. लग्नसराईपुरते म्हणून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब पुढे लावतच राहिल्यास त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या उठतात आणि मलम थांबवताच चेहऱ्याची आग होते, म्हणून माणूस घाबरून तेच पुन्हा लावतो. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा फ्लुओसिनोलोन असे नाव असेल, तर त्यात स्टेरॉइड आहे. नुसते हायड्रोक्विनोनही वर्षानुवर्षे लावल्यास त्वचेवर निळसर काळी छटा चढू शकते आणि तिलाच वांग समजून लोक मलम वाढवतात.

अॅझेलाइक अॅसिड (१५ ते २० टक्के) संथ आहे, सुरुवातीला चुणचुणतेही. तरी गरोदरपणात, जेव्हा वांग पुष्कळदा डोके वर काढतो आणि ट्रेटिनॉइन व हायड्रोक्विनोन टाळायचे असतात, तेव्हा डॉक्टर बहुधा त्याचाच विचार करतात. कोजिक अॅसिड, नायसिनमाइड, व्हिटॅमिन सी ही सौम्य मंडळी. त्यातले व्हिटॅमिन सी हवा आणि उष्णता लागून खराब होते. सीरम गडद तपकिरी झाले की टाकून द्यावे. लिंबाचा रस लावून उन्हात जाणे तर नकोच, त्याने फोड येऊन नवा डाग पडतो.

सनस्क्रीनवाचून यातले काहीच टिकत नाही. किनाऱ्यावर घामाने ते लवकर उतरते, मळभ असले तरी अतिनील किरणे पोहोचतात आणि साधा दृश्य प्रकाशही वांग गडद करतो, म्हणून किमान एसपीएफ ३० असलेले, आयर्न ऑक्साइडयुक्त (म्हणजे दृश्य प्रकाशही अडवणारे) रंगीत सनस्क्रीन बाहेर असताना दर दोन तासांनी लावावे. मलमाचा गुण मात्र आठवड्यात जोखू नये: दर महिन्याला एकाच खिडकीशी, एकाच वेळी फोटो काढावा आणि तीन महिन्यांत फरक दिसला नाही, तर ट्यूब बदलण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना गाठावे.