गॅरेजच्या कोब्याला कडेनं कट्टा

पुण्यातल्या धायरीत घरालगत पत्र्याचं गॅरेज घालताना कोब्याच्या, म्हणजे काँक्रीटच्या जमिनीच्या, कडेला काँक्रीटचा कट्टा घ्यायचा की नाही, यावर बराच खल झाला. मिस्त्री म्हणाले, "साहेब, कोब्यावरच फ्रेम ठोकू, खर्च वाचेल." पण पावसाळ्यात गाडीवरून निथळलेलं पाणी, शिवाय धुण्याचं पाणी, पत्र्याच्या बुडाशी साचतं आणि पत्रा तिथूनच सडतो. म्हणून तिन्ही बाजूंनी 6 इंच उंच कट्टा पक्का केला. दाराची बाजू अर्थातच मोकळी.

कोबा आणि कट्टा एकदम ओतायचा तर आतलं शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, अधांतरी धरावं लागतं. ते आम्ही टाळलं. कोबा ओला असतानाच कडेनं 10 मिमी सळ्यांचे तुकडे उभे रोवले. तो आवळत आला तसा त्या पट्ट्यावर तारेचा ब्रश मारला, खडी दिसेपर्यंत. मग धूळ धुऊन, सिमेंटची रबडी लावून कट्टा भरला. हे खरवडणं अजिबात टाळू नका, पाणी झिरपतं ते याच सांध्यातून.

उतार दाराकडे, 100 ला 1. आठवडाभर काँक्रीटवर ओली पोती. पत्रा बाहेरून कट्ट्याच्या माथ्याखाली दोन इंच उतरवला, म्हणजे पागोळ्या थेट बाहेर पडतात.