नदीचं पाणी की सोडावॉटर?

गोड्या पाण्याच्या तपासणीचं प्रशिक्षण घ्यायला पहिल्यांदा निघालेल्या शिक्षकांनो, जुने बूट आणि चहाची गाळणी तेवढी विसरू नका. बाकीचं तिथे मिळतं.

मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. पाण्यात ऑक्सिजन विरघळतो, हे पंधरा वर्षं फळ्यावर लिहिलं. मोजला मात्र कधीच नव्हता. पहिल्या दिवशी पंचगंगेत बादली बुडवली, वरून धार धरून बाटली भरली आणि ऐटीत पुढे केली. प्रशिक्षण देणारे सर म्हणाले, "मॅडम, नदीचं पाणी आणलंय की सोडावॉटर?" धारेबरोबर हवा आत गेली होती. आकडा नदीचा नाही, माझ्या ओतण्याचा आला असता.

बाटली पाण्याखाली तिरपी धरून सावकाश भरू द्यायची, एकही बुडबुडा न ठेवता तिथेच बूच लावायचं. मला हे चौथ्या बाटलीला जमलं. मग काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालून बाटली खालीवर करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. एका नाल्याच्या पाण्यात तो पांढराच राहिला. म्हणजे ऑक्सिजन नाहीच! टायट्रेशन (थेंब थेंब रसायन घालून प्रमाण मोजणं) व्हायच्या आधीच आमचा गट गप्प झाला होता. पुढच्या पायरीला सल्फ्युरिक आम्ल लागतं. शाळेत ते मुलांच्या हाती देऊ नका.

तिसऱ्या दिवशी माझी चूकच कामी आली. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा सरला की पाणी अडवायला बरगे (आडव्या फळ्या) घालतात. वरच्या अंगाला पाणी तुंबलेलं, खाली बरग्यांवरून कोसळणारं. दोन्हीकडचे नमुने तपासले तर खालच्यात ऑक्सिजन जास्त. बादलीने मी जे केलं, तेच बंधारा करत होता.

रसायनं परवडत नसतील तर किडे बघा, मला तर तेच जास्त आवडलं. उथळ वाहत्या पाण्यातला दगड उचलून आईस्क्रीमच्या पांढऱ्या डब्यात धुवायचा. मेफ्लाय या उडत्या किड्याची पाण्यात वाढणारी पिल्लं दिसली (बहुतेकांना तीन शेपट्या, पोटाच्या कडेला हलणारे कल्ले) तर पाणी बरं आहे. नुसत्याच लालभडक अळ्या निघाल्या तर शंका घ्या. हिमोग्लोबिनमुळे त्या कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतात. बाटली त्या घडीचं सांगते, किडे मागच्या कित्येक दिवसांचं.

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर गेलात तर नमुन्यावर वेळ लिहाच. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री तेही वापरतं, म्हणून पहाटेचा आणि दुपारचा आकडा जुळत नाही. आम्ही वेळ लिहिली नाही, दोन दिवसांची मेहनत पाण्यात गेली.

पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार) भीती असते. पुराच्या दिवसांत मुलांना नदीकडे नेऊच नका. दिवाळीनंतर पाणी उतरतं, दगड उघडे पडतात. तेव्हा मुख्याध्यापकांकडे आधी एक शनिवारची सकाळ मागून घ्या. पाणी तपासायच्या किटचा अर्ज नंतरही देता येतो.